माफीचा फोटो

मी एक जुना पिवळा झेंडा आहे. दक्षिण कोरियातल्या कुनसान बंदरातल्या एका प्राथमिक शाळेसमोर मी कित्येक सकाळी काढल्या. काठीला शिवलेलं कापड आणि त्यावर ‘थांबा’ हा एकच शब्द! पण मित्रांनो, मी आडवा झालो की मासळीचे ट्रकसुद्धा थांबत. मला त्याचा फार अभिमान वाटे.

मला धरायच्या यांग ओकबुन मावशी. त्यांचं किंबापचं, म्हणजे भाताच्या गुंडाळ्यांचं, छोटं दुकान होतं. ते उघडण्याआधी त्या रस्त्यावर उभ्या राहत. “पळू नका गं, शाळा काही गावाला जात नाही!” असं म्हणत त्या मुलांना पलीकडे नेत.

एका सकाळी काळी मोटार आली. मी आडवा होतो, तरी ती थांबली नाही. मावशींनी दोन मुलींना मागे ढकललं आणि स्वतः चाकाखाली आल्या. गाडी चालवणारे प्यो साहेब मासळीच्या कारखान्याचे मालक. रात्रभर प्यायलेली सोजू दारू अजून उतरली नव्हती. याआधी दोनदा ते असेच पकडले गेले होते आणि दोन्ही वेळा दंडावर सुटले होते.

मावशींचा उजवा पाय गुडघ्यातून वाकेना. दिवसभर उभं राहून करायचं काम. दुकान बंद झालं. पुरावा म्हणून पोलिसांनी मला नेलं होतं; तपास संपल्यावर मावशींकडे परत दिलं.

निकालाच्या आदल्या दिवशी प्यो साहेब प्रथमच दारात आले. हातात नासपतीची पेटी, सोबत वकील. ते कमरेत वाकले आणि वकिलाने मोबाइल वर केला.

मावशी म्हणाल्या, “झाला काढून? नीट आलाय ना? मग पेटी उचला आणि निघा.”

दुसऱ्या दिवशी मावशींनी मला सोबत कोर्टात नेलं. तिथे तोच फोटो पश्चात्ताप म्हणून दाखवला गेला. न्यायाधीश म्हणाले, “आरोपीला मनापासून खेद आहे. त्यांच्यावर अनेक कामगारांची घरं चालतात.” शिक्षा दीड वर्षाची, पण ती स्थगित. म्हणजे प्यो साहेब घरी जेवायला मोकळे!

भिंतीशी कुबडीवर उभ्या असलेल्या मावशी पुढे आल्या. “साहेब, पाय माझा मोडला. खेद तुम्हाला दिसला, मला कसा दिसला नाही? आणि माझं घर कशावर चालतं, ते विचारलंत का?”

“खाली बसा,” शिरस्तेदार म्हणाला.

“बसता येत असतं तर बसले असते. गुडघा वाकत नाही माझा.”

न्यायाधीशांनी पुढचा खटला पुकारायला सांगितलं.

मावशींनी मला शाळेला परत दिलं; आता मी तिथल्या कोठीत पडून आहे. मला हातात घ्यायला एकही आई तयार नाही. “उभं राहायचं कुणाच्या भरवशावर?” असं त्या विचारतात. मित्रांनो, कापडाने कधी गाडी अडत नाही. माझ्यामागे कायदा उभा आहे असं चालकाला वाटतं, म्हणून ती अडते. तुमच्यापैकी कुणी उद्या त्या उंच खुर्चीवर बसलंच, तर निकाल वाचण्याआधी एकदा मान वर करा आणि समोर कोण कुबडीवर उभं आहे ते बघा.