तीन नंबरची राखीव जागा

"बसा ना राजा, लाजताय कशाला?" चाकांच्या खुर्चीची गादी थोपटत नॉरीन क्लेग म्हणाली. "गाडीच्या दारापर्यंत सोडते अलगद."

दोन्ही खांद्यांवर बिअरची खोकी घेऊन दुकानातून बाहेर आलेला तो दांडगा गडी जागच्या जागी थबकला. "मला? मला कशाला खुर्ची?"

"अहो, गाडी अपंगांच्या जागेत लावलीत ना तुम्ही. मी बाई काळजीतच पडले. म्हटलं, एवढा तरणाबांड माणूस आणि पाय गेले बिचाऱ्याचे!"

"पाचच मिनिटं लावली होती."

"म्हणजे पाय पाचच मिनिटं गेले होते होय? सुटलात म्हणायचं."

ट्रॉल्यांपाशी उभ्या असलेल्या दोघी-तिघी फिस्सकन हसल्या. गड्याचे कान लाल झाले. खोकी मागच्या सीटवर आदळून त्यानं गाडी अशी काढली की पुन्हा महिनाभर तो या बाजूला फिरकणार नव्हता.

नॉरीनची ही पद्धत इंग्लंडमधल्या बर्नली गावच्या त्या सुपरमार्केटात अकरा वर्षं चालू होती. तिचं काम खरं तर ट्रॉल्या गोळा करण्याचं. भगभगीत पिवळं जाकीट घालायचं, वाऱ्यापावसात पंचवीस-तीस ट्रॉल्यांची रांग ढकलत दारापाशी आणायची. पण दारासमोरच्या त्या चार राखीव जागा तिनं आपण होऊन आपल्या अखत्यारीत घेतल्या होत्या. तिच्या आईचे शेवटचे दिवस खुर्चीत गेले होते आणि अशाच एका दुकानासमोर जागा मिळाली नाही म्हणून मायलेकी कितीदा तरी हात हलवत घरी परतल्या होत्या. ते ती विसरली नव्हती. आरडाओरडा करणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती फक्त दुकानातली खुर्ची बाहेर आणायची आणि गाडीशेजारी गोड चेहऱ्यानं उभी राहायची. पाद्री असो की नगरसेवक, तिनं एकालाही सोडलं नव्हतं.

एकाला मात्र ती गेले पाच गुरुवार सोडत होती, आणि ते तिला आतून खात होतं.

अर्नल्ड टॅटर्सल दर गुरुवारी दहा वाजता यायचे. वय ब्याऐंशी, टाय लावलेला, गाडी आरशासारखी पुसलेली. सोबत त्यांची बायको विनी. विनीची फुप्फुसं गिरणीतल्या कापसानं कधीच निकामी केली होती, चार पावलं टाकली की तिला धाप लागायची. ती गाडीतच बसायची आणि म्हणून त्यांना तीन नंबरचीच जागा लागायची. तिथून समोरच्या मोठ्या काचेतून थेट भाजीचा विभाग दिसतो. अर्नल्ड आत जाऊन एकेक जिन्नस काचेपाशी आणून वर धरायचे. विनी गाडीतून मान हलवायची. हो, नाही, नाही, दुसरं बघा. एका कोबीसाठी त्यांना चार-चार फेऱ्या पडायच्या.

"बावन्न वर्षं झाली लग्नाला," काच खाली करून नॉरीनच्या हातात पुदिन्याची गोळी ठेवत विनी म्हणायची, "पण या माणसाला अजून गाजर निवडता येत नाही. मी गेल्यावर उपाशी मरेल बघ."

जानेवारीच्या शेवटी विनी गेली. नॉरीन अंत्यविधीला जाऊन आली, मागच्या बाकावर बसून पोटभर रडली. आता अर्नल्ड काही या दुकानात दिसायचे नाहीत असं तिनं धरलं होतं. पण दुसऱ्या गुरुवारी दहा वाजता ती चकचकीत गाडी आली आणि तीन नंबरमध्ये लागली. पुढच्या काचेमागे विनीचं निळं कार्डही ठेवलेलं, अपंगांच्या जागेत गाडी लावायची परवानगी देणारं.

माणूस गेला की ते कार्ड परत पाठवायचं असतं. हे नॉरीनला ठाऊक होतं, अर्नल्डनाही ठाऊक होतं. ती खुर्ची आणायला निघालीच होती. तेवढ्यात तिचं लक्ष काचेकडे गेलं. अर्नल्ड आत उभे होते. त्यांनी एक फुलकोबी वर धरला होता आणि रिकाम्या गाडीकडे बघत ते वाट पाहत होते.

गाडीशेजारी ती एकटीच उभी होती. काय करावं सुचेना, म्हणून तिनं मान हलवली. हो. अर्नल्डनी फुलकोबी टोपलीत टाकला.

तेव्हापासून ती गुरुवारी दहाला बरोबर तिथं घुटमळायची आणि मान हलवायची. ना ते त्यावर काही बोलले, ना ती. त्या गावात अशा गोष्टी बोलायची पद्धतच नाही. हवा गार आहे नाही का, असं म्हणून दोघं आपापल्या वाटेला लागायचे.

पाचव्या गुरुवारी शाझिया आली. चाळिशीतली, शाळेत शिकवणारी, तोंडानं फटकळ. दोन वर्षांपूर्वी तिच्या नसांचा आजार बळावला आणि हातात काठी आली. त्या दिवशी चारही जागा भरलेल्या होत्या. तिनं गाडी तीनदा गोल फिरवली आणि शेवटी नॉरीनपाशी येऊन थांबवली.

"नॉरीन, त्या तीन नंबरच्या गाडीत कोण येतं ते मला माहितीय. त्याच्या बायकोला पोचवून आलो आपण, माझी सासू तिची शेजारीण होती."

"हो गं."

"मग? सगळ्या गावाला खुर्ची दाखवतेस. या म्हाताऱ्याला का नाही?"

शाझियाचा आवाज खाली आला, पण रोख तोच राहिला. "वाईट मलाही वाटतं. पण आज माझे पाय तिकडच्या टोकावरून इथवर यायचे नाहीत. मी घरी चाललेय. गेल्या गुरुवारीही अशीच गेले होते."

ती खरंच गेली. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत नॉरीन बघत राहिली. आईबरोबर ती स्वतः अशीच परतायची, आणि आज तिच्यापायी दुसरी कोणी परतली होती. अकरा वर्षांत तिला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

खुर्ची न घेताच ती तीन नंबरपाशी गेली. वाकून बघते तर कार्ड उलटं ठेवलेलं. नियमानं फोटोची बाजू खाली हवी, चाकांच्या खुर्चीचं चित्र वर. इथं विनीचा फोटो वर होता. कार्डाच्या जिवावर जागा लाटणारा माणूस असं कशाला करील? फोटोतली विनी दुकानाच्या काचेकडे तोंड करून, टेकवून ठेवलेली होती.

अर्नल्ड पिशवी घेऊन आले. तिला तिथं बघून त्यांनी टोपी काढली.

"हवा गार आहे, पोरी."

"आहे खरी, मिस्टर टॅटर्सल." नॉरीननं हातमोजा वर ओढला. मग म्हणाली, "ही जागा सोडायला हवी तुम्ही."

"कळतंय गं मला. पाकीट आणलंय, पत्ता घातलाय, तिकीट चिकटवलंय. रोज पेटीपर्यंत जातो." त्यांचा आवाज चिरकला. "पण तिला पोस्टात टाकू कसा? आणि दुसऱ्या कुठल्याच जागेवरून ती काच दिसत नाही."

नॉरीनला रडू फुटलं. डोळे पुसायला हातमोजा काही कामाचा नव्हता, तरी तिनं त्यानंच पुसले.

"गाडी तिकडं टोकाला लावत जा. मी आहे ना इथं. मान हलवायला मी उभी राहीन. गेले पाच गुरुवार हलवतेच आहे."

"हो, बघतो मी." अर्नल्ड जरा ओशाळून हसले. "राग मानू नकोस, पण तू सगळ्यालाच हो म्हणतेस. तो पहिला फुलकोबी केवढा मोठा निघाला! सात दिवस खात होतो. विनीनं नाहीच म्हटलं असतं."

दोघंही हसले, आणि हसता हसता अर्नल्डनी विनीला उचलून आतल्या खिशात ठेवलं.

पुढच्या गुरुवारी त्यांची गाडी पार टोकाला, कुंपणालगत लागली. तिथून दार म्हणजे दीडशे पावलं. नॉरीन खुर्ची घेऊन पळत गेली, या वेळी खरोखरच बसवायला.

"पाय आहेत मला," ते म्हणाले आणि टाय सारखा करून चालू लागले. दारापाशीच्या लाल पोस्टपेटीसमोर ते थांबले. खिशातून पाकीट काढलं, त्यावर एकदा अंगठा फिरवला आणि आत सोडलं. मग टोपी काढून क्षणभर उभे राहिले, आणि टोपली घेऊन आत गेले.

नॉरीन तीन नंबरकडे निघाली, तोच उतारावर कुणीतरी सोडलेल्या ट्रॉल्या घरंगळू लागल्या. त्या धरून जागेवर नेईपर्यंत दहा-बारा मिनिटं गेली. आपण शब्द पाळला नाही या विचारानं ती धापा टाकत परत आली.

तीन नंबरमध्ये शाझियाची गाडी होती. उतरायच्या आधी पायांत जीव यावा म्हणून ती काठी मांडीवर घेऊन बसून राहिली होती. आणि काचेपलीकडे अर्नल्ड दोन्ही हातांत एक भला थोरला फुलकोबी धरून उभे होते. नॉरीन कुठे दिसते का ते शोधत होते.

शाझियाला यातलं काहीच माहीत नव्हतं. म्हातारा आपल्यालाच काही दाखवतोय असं तिला वाटलं. तिनं पुढं वाकून फुलकोबी नीट निरखला, आणि शाळेतल्या पोरांना बजावावं तशी ठामपणे मान हलवली. नाही.

अर्नल्डनी तीन नंबरकडे पाहिलं. मग त्यांनी तो फुलकोबी परत नेऊन ठेवला आणि दुसरा, लहानसा, एका माणसाला पुरेल एवढा घेऊन आले. तो त्यांनी काचेपाशी वर धरला.