दिवाळीचं न कापलेलं पद

"खोकला कधीपासून आहे?" मिरजेच्या डॉक्टरांनी विचारलं.

आईने माझ्याकडे पाहिलं, मी आप्पांकडे. आप्पांना प्रश्न कळलाच नव्हता. माधवनगरच्या यंत्रमागांवर चाळीस वर्षं जॉबर म्हणून, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करण्यात काढली त्यांनी. त्या खडखडाटात कान केव्हाच गेले. ते समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखतात आणि डॉक्टरांच्या तोंडाला मास्क होता. मी प्रश्न पुन्हा विचारला, तसा त्यांनी खिशातून मोबाइल काढला.

"भादव्यापासनं," ते म्हणाले. "पर्युषण पर्वातल्या बुधवारी पयल्यांदा आला. हितं दिसतोय बगा."

डॉक्टरांनी स्क्रीनवरची वरखाली होणारी रेघ बघितली आणि मग माझ्याकडे बघितलं. मी नर्स आहे, हे त्यांना आत येतानाच सांगून बसले होते. तेव्हा माघ संपत आला होता. म्हणजे पाच महिन्यांहून जास्त.

आमच्या गल्लीत माग बुधवारी बंद असतात. आठवड्यात तेवढाच दिवस माणसाचा आवाज ऐकू येतो. आप्पा घरी बसले त्या वर्षापासून दर बुधवारी आई पद म्हणायची, आप्पा पेटी वाजवायचे आणि तांदळाच्या डब्यावर मोबाइल उभा करून ते रेकॉर्ड करायचे. दाराला आईने शिवलेली वाकळ टांगायची, म्हणजे बाहेरचं काही आत यायला नको. ऐकू न येणारा माणूस पेटी कशी वाजवतो, असं सगळे विचारायचे. बोटांना सगळं पाठ होतं आणि लय ते आईच्या ओठांवरून उचलायचे. आई म्हणायची, "लग्नानंतर पयल्यांदाच हे माणूस माज्या तोंडाकडं एवढं बगतंय."

गाणं झालं की आप्पा चष्मा लावून बसायचे आणि साफसफाई करायचे. कानाने नाही, डोळ्याने. स्क्रीनवरची रेघ जिथे एकदम उंच जाईल तिथे कात्री. कुकरची शिट्टी, कुत्रं, फेरीवाला. फणीचा मोडलेला दात जसा मागातून काढून टाकायचा, तसंच. मग ते पद 'बुधवारची पदं' या ग्रुपवर जायचं. बेचाळीस माणसं होती त्यात, नातेवाईक आणि जुने मागवाले. महिन्याच्या शेवटी त्यातलं आवडतं एक निवडून आप्पा ते पुन्हा पाठवायचे आणि खाली लिहायचे, 'या महिन्याचे उत्तम.'

भाद्रपदापासून त्या रेघेवर एक नवं टोक यायला लागलं. आप्पांनी तेही कापलं; मूळ रेकॉर्डिंग तेवढं त्यांच्या मोबाइलात राहिलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मी त्यांच्यावर तुटून पडले. आई आत एक्स-रेला गेली होती.

"खोकला दिसत होता तुम्हाला, आणि तुमी कापत बसलात?"

"गल्लीत कोण खोकत न्हाई? पिंजाची धूळ हाय. तीबी म्हनली, धुळीचा हाय."

हेही खरं. सुताची धूळ सगळ्यांच्या छातीत. आमच्याकडे खोकला म्हणजे आजार नसतो.

"मला एका शब्दानं सांगायचं तरी."

आप्पा माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दिवाळीचं पद कापलं न्हवतं की. महावीरांच्या निर्वाणाच्या दिवसाचं. तुजी आई म्हनली, आज देवाच्या पदाला कात्री लावायची न्हाई. तसंच पाठवलं, खोकल्यासकट. तू हार्ट टाकलंस त्यावर." पुढे ते म्हणाले, "म्हनलं, आपली ब्राह्मी नर्स हाय. तिनं ऐकलं आनि काय बोलली न्हाई, म्हंजे किरकोळ असंल."

ते दोष देत नव्हते. दिला असता तर मी भांडले असते.

मी कोयनानगरला नोकरीला. घाटातून येणं महिन्यातून एकदा, तेही झालं तर. फोनवर आईचा आवाज मध्येच जायचा, मी म्हणायची, "आई, रेंज न्हाई गं." ती फोनवर हात ठेवून खोकत असायची, हे मला नंतर कळलं. आणि पदं? खरं सांगते, दर बुधवारी मी ड्युटीवरून आले की ग्रुप उघडायची, हार्ट टाकायची आणि बंद करायची. पुढे ऐकू म्हणायची. दिवाळीचं ऐकलं होतं का? मला आठवेना. ग्रुप उघडून बघायला दोन बोटांचं काम होतं. दवाखान्यातल्या त्या दिवसानंतर मी चार महिने बघितलं नाही.

आई ज्येष्ठात गेली. फुप्फुस दोन्हीकडून भरलं होतं.

भेटायला येणाऱ्यांना जिनेंद्रमामा सगळं सांगायचा. मामा आईचा धाकटा भाऊ, तिच्या पाठीवरचा. तो म्हणायचा, "भावजींनी खोकलाच कापून टाकला. पोरगी नर्स असून तिला पत्ता लागू दिला न्हाई." हे तो आप्पांच्या समोर बोलायचा, त्यांना ऐकू येत नाही म्हणून. आप्पा त्याच्या ओठांकडे बघत बसायचे. मला दिसायचं की त्यांना सगळं कळतंय. मी चहाचे कप उचलून आत जायची. स्वतःची लाज वाटायची आणि तरी मी जायची.

काल शुक्रवार. परत कोयनेला निघायचं म्हणून बॅग भरत होते. बाहेर सगळे माग चालू, जमीन थरथरत होती. मामा कोणा पाहुण्याला तेच सांगत होता. मी मोबाइल काढला आणि 'बुधवारची पदं' मागे मागे नेत दिवाळीपर्यंत गेले.

पद होतं. त्यावर माझं लाल हार्ट होतं. आणि पदाच्या शेजारी खाली तोंड केलेला बाण होता. म्हणजे मी ते उतरवूनच घेतलं नव्हतं.

बाण दाबला. मोबाइलने सांगितलं, फाईल आता मिळणार नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा.

मी जाऊन आप्पांच्या पुढ्यात बसले. त्यांच्याशी बोलायचं तर तोंड समोरच करावं लागतं.

"आप्पा, दिवाळीचं पद परत पाठवता?"

"तुज्याकडं हाय की."

"न्हाई. मी ते ऐकलंच नव्हतं." मामा बोलायचा थांबला. मी मुद्दाम त्यालाही ऐकू जाईल असं म्हटलं, "न ऐकता हार्ट टाकलं. ऐकलं असतं तर मला तवाच कळलं असतं. मामा, चूक यांची एकट्याची न्हाई."

आप्पांचे डोळे माझ्या ओठांवरून हलेनात. मी बोलून कधीच थांबले होते. वाटलं, आता एक मारावी यांनी. त्यांनी चष्मा शोधला, मोबाइल घेतला आणि अंगठ्याने हळूहळू वर सरकवत राहिले. माझ्या हातातला मोबाइल वाजला.

"आता ऐक," ते म्हणाले.

मी बोट पुढे नेलं, तसा त्यांनी माझा हात धरला. बाहेरच्या दाराकडे मान केली. माग त्यांना ऐकू येत नव्हते, पण पायाखालची जमीन कळत होती.

ते उठले, आईची वाकळ काढली, दाराला टांगली आणि खालची फट पायाने दाबून बंद केली. मग पेटीशेजारच्या त्यांच्या जागेवर जाऊन बसले आणि बुधवारी आईच्या तोंडाकडे बघायचे तसे माझ्या तोंडाकडे बघू लागले.