नाव ठरेपर्यंत बाहेर

"बाप्तिस्मा होईस्तोवर आईनं आत यायचं नाही," सासूबाईंनी सकाळीच बजावलं होतं. म्हणून अर्गिरो बाहेर, समुद्राकडेच्या पडक्या प्राचीन ग्रीक देवळात, एका आडव्या खांबावर बसली होती. याच देवळाचे दगड उचलून कुणीतरी बांधलेलं संत सोस्तिसचं इवलंसं चर्च हाकेच्या अंतरावर होतं, आणि आत तिचं बाळ रडत होतं. ते रडणं ऐकून तिला पान्हा फुटला होता.

आठ महिने सगळे त्याला नुसतं 'बाळ' म्हणत होते. नाव आज बाप्तिस्म्याला बाळ हातात धरणारी धर्मआई पाद्र्यांसमोर मोठ्यांदा सांगणार, आणि एकदा सांगितलं की सांगितलं. रीतीनं पहिल्या मुलाला सासऱ्यांचं नाव, स्ताथिस. पण धर्मआई होती फ्रोसो, नवऱ्याची चुलत बहीण. परवा अर्गिरोनं तिला स्वयंपाकघरात गाठलं होतं. "माझ्या बाबांचं ठेव ना गं. लेफ्तेरिस." बाळ पोटात असतानाच ते गेले होते. फ्रोसो फक्त "बघू" म्हणाली.

आणि आज सकाळी सासऱ्यांनी बुटांना दोनदा पॉलिश केलं. "बरा दिसतो ना गं?" असं तिलाच विचारलं. तेव्हापासून तिला काही सुचेना. धावत जाऊन 'नको, त्यांचंच ठेव' म्हणावं? की गप्प बसावं?

"अर्गिरो, ऊठ त्या खांबावरून!" राखणदार मेनिओसनं शिट्टी फुंकली. "पर्यटकांना मी हाकलायचं आणि गाववाल्यांनी बसायचं होय?"

"नाव कळेस्तोवर बसू दे रे."

"मग गवतात बस. गवत यंदाचंच आहे."

ती उठली, चर्चकडे चार पावलं गेली, परत फिरली. तेवढ्यात नणंदेची मुलगी रिनिओ धापा टाकत आली. "मामी! सोस्तिस!"

"कोण सोस्तिस?"

"आपलं बाळ!"

मागून सगळेच आले. सासरे पुढे, हातात टोपी चुरगाळत. "तुझे वडील गेले, त्यांचंच नाव ठेवतील म्हणून रात्रभर मनाची तयारी केली होती मी," ते म्हणाले. "आता रागवायचं तरी कुणावर?"

"संतावर रागवा, काका," फ्रोसो म्हणाली. "जन्मल्यावर दवाखान्यात काचेच्या पेटीत होता ना हा, तेव्हा मी संताला नवस बोलले होते. वाचला तर तुझंच नाव. नवस आधी सांगत नसतात."

तिनं बाळ अर्गिरोच्या हाती दिलं आणि रीतीप्रमाणे आपला हात पुढे केला. त्या हाताचा मुका घ्यावा की कडकडून चावा, अर्गिरोला कळेना. तिनं मुका घेतला. डोळे भरून आले, पण ते कुणासाठी हेही कळेना.

बाळाच्या जावळाला बाप्तिस्म्याच्या तेलाचा वास येत होता. ते हुंदके देत तिच्या छातीशी तोंडानं दूध शोधत होतं.

"सोस्तिस," तिनं हळूच हाक मारली. आणि दुसऱ्याच कुणाला हाक मारल्यासारखी तीच खांबांकडे वळून बघू लागली, कोणी येतंय का.