दोघींची चावी

“दोघी जावा, एक चावी, रुसली तरी परत यावी!”

सासूबाईंचा आवाज घोगरा होता आणि शेवटच्या अक्षरावर झोका घ्यायचा. पाळण्यातलं मूल हलवावं तसं प्रत्येक वाक्य त्या जरा हलवून सोडत. बँकेच्या तळघरात, लोखंडी दाराच्या आत, पांढऱ्या कापडात शिवलेलं गाठोडं त्यांनी आपल्या हातानं लॉकरमध्ये सरकवलं होतं आणि वर बजावलं होतं, “उघडायचं ते दोघींनी मिळून. एकटी आली तर बँकवाल्यांनी हाकलून द्यायचं. आणि टाके उसवायचे ते पाणी नाकाशी आल्यावरच.” कागदावर शिक्के मारणारी बाई तेव्हा हसली होती. दोन्ही सुना हसल्या नव्हत्या.

इतक्या वर्षांनी तो आवाज कानाशी आला तेव्हा धाकटी इस्पितळाच्या मागच्या खोलीत शिलाई मशीनवर बसली होती. पुढ्यात फाटक्या चादरी, बंद तुटलेले डॉक्टरांचे झगे, आणि हातात फोन. बँकेचा निरोप तिनं दोनदा वाचला, चष्मा पदरानं पुसला आणि पुन्हा वाचला. लॉकरचं भाडं तिप्पट झालं होतं. शाखा बंद होऊन शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जाणार होती. खात्यात किमान रक्कम नव्हती म्हणून दंड कापला होता, आणि दंड कापल्याचा निरोप पाठवला त्याचेही पैसे कापले होते.

“अगं बाई! चोरी करतात ती करतात, वर चोरी झाल्याचं सांगायची हमाली घेतात!”

शेजारच्या मशीनवरच्या बाईनं मान वर केली. “कोण गं?”

“बँक.”

“मग बदल की. सासर थोडंच आहे जन्मभर सोसायला?”

बदलायला काहीच अवघड नव्हतं. धाकटीच्या इमारतीच्या खालीच नवी बँक झाली होती. काचेचं दार, गार हवा, आणि आत गेलं की पाणी विचारणारी पोरगी. लहान लॉकरला निम्मं भाडं, निरोप फुकट, बाकी सगळं फोनवर. घरातल्या चपलेत जाऊन यावं इतकी जवळ. खातं तिथं न्यायचं हे तिनं मशीनवर बसल्या बसल्या ठरवूनही टाकलं. अडलं एकाच गोष्टीपाशी. लॉकर तिच्या एकटीचा नव्हता.

सासूबाई गेल्या, घर विकलं, सामानाची वाटणी झाली. भांडी वाटली, कपाटं वाटली, पाटसुद्धा मोजून वाटले. शिलाई मशीन मात्र थोरलीकडे गेलं. पोटासाठी शिवणारी धाकटी, आणि मशीन थोरलीला! धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला आणि चारचौघांत तिच्या तोंडून निघून गेलं, “डावरीला मशीन कशाला? तिचा हातातला टाकासुद्धा उलटा पडतो.” थोरलीचा नवरा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तिनं डावा हात तेवढा पदराखाली घेतला. त्या दिवसापासून जो अबोला पडला, तो पडलाच.

उरली फक्त बँक. वर्षातून एकदा लॉकर उघडायलाच हवा असा नियम होता, म्हणून दोघी वर्षातून एकदा भेटत. सह्या करत, तळघरात उतरत, अंधुक दिव्याखाली गाठोड्यावर हात ठेवत. “आहे ना?” “आहे.” लॉकर बंद. पायऱ्या चढून वर आलं की थोरली दर वर्षी विचारी, “चहा घेतेस?” आणि धाकटी दर वर्षी म्हणे, “घाई आहे.”

संध्याकाळी तिनं फोन लावला.

“जाऊबाई, मी बोलतेय.”

“धाकटे?” पलीकडचा आवाज एकदम उभा राहिला. “काय झालं? कोण आजारी आहे?”

“कुणी नाही. बँकेला भस्म्या झालाय, तेवढंच.” मग तिनं भाडं, दंड, शाखा सगळं सांगितलं.

थोरली ऐकत होती. मग म्हणाली, “भाडं मी भरते. तुझंही.”

धाकटीनं फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं. ही बाई साबणाची चिपटी नव्या साबणाला चिकटवणारी. चिंधीची दोरी आणि दोरीची गाठसुद्धा फेकून न देणारी. ही दोघींचं तिप्पट भाडं भरणार?

“आणि शाखा इतकी लांब गेली त्याचं काय?”

“मी येईन की. दोन बस बदलीन.”

“गुडघे कुणाचे?”

“माझेच. कुणाकडून उसने आणलेत का?”

“हे बघा जाऊबाई, आता पुरे. गाठोडं काढू, त्यातल्या आईंच्या बांगड्या-साखळी वाटून घेऊ. तुमचं तुम्हाला, माझं मला. तुम्ही सुटाल, मी सुटेन.”

“शुक्रवारी येते,” थोरली म्हणाली.

नवऱ्याला सांगितलं तर तो ताटावरून मान न उचलता बोलला, “फुकट कोण कुणाचं भाडं भरतं? पाणी मुरतंय कुठंतरी.”

ते वाक्य काट्यासारखं घुसलं आणि शुक्रवारपर्यंत सलत राहिलं.

शुक्रवारी धाकटी नेहमीसारखीच लवकर पोचली आणि नेहमीसारखीच बँकेत न जाता समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या आडोशाला उभी राहिली. आपण वाट पाहतोय असं थोरलीला दिसता कामा नये, एवढंच कारण ती स्वतःला देई. दुकानदार तिला ओळखत होता. “आलात, बाई? वर्ष झालं वाटतं?” तिनं ऐकलं न ऐकलंसं केलं.

बस आली. उतरणाऱ्यांत तिनं थोरलीला शोधलं आणि ती सापडेना. बस निघून गेली तेव्हा खांबाला धरून उभी असलेली एक म्हातारी उरली. एका वर्षात माणूस इतका ओसरतो? ताठ चालणारी, दारातून आत आली की दार भरून टाकणारी ती बाई, धुऊन धुऊन आटलेल्या कापडासारखी झाली होती. पदर तेवढा तसाच डाव्या खांद्यावरून घट्ट ओढलेला.

धाकटी मुद्दाम थोडा वेळ जाऊ देऊन रस्ता ओलांडून गेली. “उशीर झाला मला.”

“मीही आत्ताच टेकले.”

सह्या झाल्या. जिना उतरताना थोरलीनं कठडा धरला. धाकटीचा हात पुढे झाला होता, पण तिनं तो पर्सकडे वळवला. थोरलीनं कमरेच्या पिशवीतून काळ्या दोऱ्यात ओवलेली चावी काढली. लॉकरचं दार करकरलं. या वेळी हात नुसता ठेवून भागणार नव्हतं. धाकटीनं गाठोडं बाहेर ओढलं. जड होतं. तिला उगाच बरं वाटलं.

अधिकारी म्हणाले, “लॉकर सोडल्याचा कागद तयार करतो. वर खिडकीपाशी बसा तोवर.”

दोघी बाकावर बसल्या. मध्ये गाठोडं, अंग चोरून बसलेल्या तिसऱ्या बाईसारखं.

“नव्या बँकेत दोघींना यावं लागतं का गं?” थोरलीनं विचारलं.

“छे! तिथं कुणालाच जावं लागत नाही. सगळं फोनवर होतं.”

“सोय झाली म्हणायची,” थोरली म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

खिडकीतून ऊन थेट गाठोड्यावर पडत होतं. इतक्या वर्षांत ते कापड उजेडात असं कधी आलंच नव्हतं. धाकटीची नजर सवयीनं शिवणीवर गेली. दिवसभर दुसऱ्यांची उसवण पाहणारी ती नजर. ती शिवणीवरून सरकत गेली, अडखळली, आणि थांबली. तुरपाईचे टाके होते. एकसारखे, घट्ट, नेटके. आणि सगळेच्या सगळे उलट्या बाजूला कललेले.

तिनं शिवणीवरून नख फिरवलं.

“हे टाके आईंचे नाहीत.”

थोरली खिडकीबाहेरच पाहत राहिली.

“हे डाव्या हाताचे आहेत. तुम्ही उसवलंत हे! उसवून परत शिवलंत!” आवाज इतका चढला की दारातल्या पहारेकऱ्यानं वळून पाहिलं. “म्हणून भाडं भरणार होतात तुम्ही? म्हणून?”

“एकटीला उघडता येतो का लॉकर?” थोरली शांतपणे म्हणाली. “विचार त्या साहेबांना.”

खरंच, येत नव्हता. मग?

“काप,” थोरली म्हणाली. “पर्समध्ये कात्री असतेच तुझ्या.”

कात्री होती. एकेक टाका तुटत गेला. आत कापूस होता, खूपसा, काही वाजू नये म्हणून ठासून भरलेला. कापसात पत्र्याचा डबा. डब्यात सासऱ्यांच्या जुन्या दुकानाच्या तराजूची दोन लोखंडी वजनं आणि बटणं. शर्टाची, झग्यांची, पोरांच्या चड्ड्यांची. पांढरी, तपकिरी, एक निळं.

धाकटीनं डबा बाकावर पालथा केला. बोटांनी बटणं चाळली. डब्याचा तळ ठोकून पाहिला. मग रिकाम्या डब्यात वाकून पाहिलं, जणू सोनं कोपऱ्यात लाजून बसलं असेल.

“बांगड्या कुठं आहेत?”

“नव्हत्याच. मामंजींच्या दुखण्यात गेल्या सगळ्या, तू या घरात यायच्याही आधी.”

“माझ्या लग्नात आईंच्या हातात होत्या! मी डोळ्यांनी पाहिल्या!”

“पितळेच्या. सोन्याचं पाणी दिलेल्या. नव्या सुनेच्या माहेरच्यांपुढं हात मोकळे कसे ठेवायचे?”

धाकटीला वाटलं, आपण बसलोय तो बाक कुणीतरी हळूच काढून घेतलाय. घर, लग्न, वाटणी, ते वर्षा-वर्षाला हात लावून “आहे ना” विचारणं, सगळं एकदम पायाखालून सरकलं. “म्हणजे इतकी वर्षं आपण... बटणांचं भाडं भरलं?”

“बटणांचं,” थोरली म्हणाली. “आईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला. सुई दिसत नव्हती. मला म्हणाल्या, तू शिव, पण धाकटीला उजेडात दाखवू नको, ती टाका ओळखेल. मी म्हटलं, आई, हा कसला पोरखेळ? तर म्हणाल्या, सोनं ठेवलं असतं तर वाटून मोकळ्या झाला असता तुम्ही. हे कसं वाटाल?”

बाकाच्या कडेवरून एक बटण घरंगळलं आणि फरशीवर गरगर फिरू लागलं. ते आडवं पडेपर्यंत दोघी त्याच्याकडे पाहत राहिल्या.

“मग मला सांगितलं का नाही?”

“सांगणार होते. पहिल्याच वर्षी. पण तू जिना उतरून आलीस, हात ठेवलास, ‘आहे ना’ म्हणालीस. वाटलं, पुढच्या वर्षी सांगू.” थोरलीनं डावा हात पदराखालून काढला आणि एकेक बटण वेचू लागली. “आणि सांगितलं असतं तर पुढचं वर्ष आलंच नसतं, धाकटे.”

अधिकारी कागद घेऊन आले. पसारा पाहून थबकले. “काही हरवलंय का, बाई?”

“नाही,” दोघी एकदम म्हणाल्या.

“मग लॉकर सोडायचा ना?”

थोरलीचा वेचणारा हात थांबला.

“सोडायचा,” धाकटी म्हणाली. “एवढं भाडं कोण देईल? लुटायला बसलाय तुम्ही.”

थोरलीनं चावी काळ्या दोऱ्यातून सोडवून टेबलावर ठेवली. दोरा मात्र बोटाला गुंडाळून घेतला. मग दोघींनी सह्या केल्या. धाकटीनं वजनं, बटणं, कापूस पुन्हा डब्यात भरला आणि कापड नीट गुंडाळलं. पर्समधून सुई आणि इस्पितळाचा पांढरा दोरा काढला. पण डोळ्यांपुढे सगळं पाणीच पाणी, दोरा नेढ्यात जाईना. थोरलीनं सुई तिच्या हातातून घेतली, दोरा ओवला आणि परत देऊ लागली.

“तुम्हीच शिवा,” धाकटी म्हणाली. “ते टाके तुमचेच आहेत.”

डावा हात चालू लागला. टाके जुन्या भोकांतूनच, जुन्याच बाजूला कलत गेले. धाकटी कापड ताणून धरून बसली.

“घरी ठेवा तुमच्या,” शेवटची गाठ पडल्यावर ती म्हणाली. “मशीनवर ठेवा. मी येईन बघायला.”

“वर्षानं?”

धाकटीनं गाठोडं आपल्या कडेवर घेतलं, मोकळा हात थोरलीच्या कोपराखाली घातला, आणि दोघी पायऱ्या उतरून रस्त्यावर आल्या. समोर झेरॉक्सचं दुकान उन्हात होतं. थोरली सवयीनं थांबली आणि दर वर्षीच्याच आवाजात, नकाराची तयारी ठेवून म्हणाली,

“चहा घेतेस? की घाई आहे?”

“घाई कधीच नव्हती, जाऊबाई,” धाकटी म्हणाली. “मी दर वर्षी तासभर आधी येते. त्या दुकानापाशी उभी राहून तुमची बस बघत असते.”