शिवलेला पट्टा आणि उलटी सुई

खरं सांगतो मित्रांनो, हे मी लिहिणारच नव्हतो. जो जगाला दिशा दाखवतो त्यानंच आपली फजिती चारचौघांत सांगायची, म्हणजे लोक हसणारच. पण माझी मैत्रीण म्हणाली, सांगून टाक, पोटात ठेवलंस तर सुई जड होईल. म्हणून सांगतो. तुटक तुटक सांगेन. सांभाळून घ्या.

मी कंपास. तुमच्या दप्तरातली ती पट्टी-पेन्सिलची पेटी नव्हे. मी होकायंत्र, तेही अंगठ्याला बांधायचं. एवढासा. आत पातळ तेल, तेलात सुई, सुईचं एक टोक लाल. मी बनलो तेव्हा कारखान्यातल्या एका बाईनं मला उजेडासमोर धरून बुडबुडा राहिलाय का ते बघितलं होतं. राहिला नव्हता. तिनं मला बाजूला ठेवलं आणि पुढचा उचलला. आयुष्यातलं माझं पहिलं कौतुक ते एवढंच.

मला पहिल्यांदा विकत घेतलं एका भूगोलाच्या बाईंनी. त्यांना एक वेगळाच नाद होता. रानात पळायचा. हातात नकाशा, अंगठ्याला मी. रानात ठिकठिकाणी नारिंगी-पांढरे झेंडे लपवलेले असतात, ते ठरलेल्या क्रमानं शोधायचे आणि सगळ्यांच्या आधी परत यायचं. वाट आखलेली नसते. वाट आपणच काढायची. याला ओरिएंटीअरिंग म्हणतात. नाव म्हणताना जीभ अडखळते, खेळताना पाय.

बाईंनी मला एका दोरीत ओवलं आणि त्याच दोरीत एक शिटी बांधली. ही माझी मैत्रीण. रानात कोणी अडचणीत सापडलं तरच तिला वाजवायचं, असा नियम. बाई कधी अडचणीत सापडल्या नाहीत. त्यामुळे शिटी नुसती लटकायची. मी तिला चिडवायचो, "तू म्हणजे शोभेचं लटकन." ती म्हणायची, "मिरव, मिरव. दिवस सगळ्यांचे येतात."

बाईंचं एक वाक्य होतं. रानात मन काहीही सांगेल, सुईचं ऐक. ते ऐकून मी फुगायचो. फुगायला आत जागा नव्हती, तरी.

मग बाईंचे गुडघे गेले आणि आम्ही ड्रॉवरमध्ये गेलो. जुन्या चाव्या, संपलेले सेल, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या. मित्रांनो, अंधारातही माझी सुई उत्तर दाखवत होती. बघायला कोणी नव्हतं. मी किती वर्षं तिथं होतो, विचारू नका. ड्रॉवरला कॅलेंडर नसतं.

एकदा बाई लिफ्टमध्ये अडकल्या. दुरुस्तीला आलेल्या लिफ्टवाल्यानं बाहेरून विचारलं, घाबरलात का? बाई आतून म्हणाल्या, घाबरायचं काय, वर किंवा खाली, दोनच तर दिशा आहेत. दार उघडेपर्यंत त्यांनी त्याला रानातल्या सगळ्या दिशा सांगून टाकल्या. चहाला बोलावलं, ड्रॉवर उघडला आणि आम्हा दोघांना त्याच्या तळहातावर ठेवलं.

असा मी लिफ्टवाल्याचा झालो. माणूस नाकासमोर चालणारा, आठवडाभर खाली-वर करणारा. त्याला आडवं धावायला मिळालं आणि तो वेडाच झाला. मंगळवारी कामावरून आला की बंद पडलेल्या खाणीच्या माळावर सराव. गुरुवारी मैदानाला फेऱ्या, धावता धावता नकाशा वाचायचा. रविवारी शर्यत. नंबर बहुतेक मधलाच यायचा. पण परत येताना तो जसा खुललेला असायचा, तसा तो मला आवडायचा.

घरात मात्र हे सगळ्यांना आवडत होतं असं नाही. त्याची बायको घरीच कपडे शिवते. एक चिमुरडी मुलगी आहे, तिला सगळे चिमणी म्हणतात. आणि खालच्या मजल्यावर आजी, म्हणजे बायकोची आई. आता ज्या आठवड्याचं सांगतोय त्या आठवड्यात सोमवारी बायको मशीनवरून मान वर न करता म्हणाली,

"दर रविवारी तू रानात आणि आम्ही घरात. या वेळी जोडीची शर्यत आहे ना? मी येते. त्यात काय आहे ते मला कळलं, तर चालू दे. नाही कळलं, तर रविवार घरचा."

"आणि कंपास?"

"ड्रॉवर आहे की."

ड्रॉवर म्हटल्यावर माझी पाचावर धारण बसली. 

लिफ्टवाल्यानं मनावर घेतलं. मंगळवारी बायकोला माळावर नेलं, नकाशा कसा धरायचा ते दाखवलं. तिला पटकन जमलं, कारण कापडावर खुणा वाचायची सवय. फक्त ती मध्येच थांबून इकडेतिकडे बघायची, कान द्यायची. तो म्हणायचा, थांबू नकोस, सुई बघ. सरावाच्या शेवटी त्यानं तिला सांगितलं, हरवलो असं वाटलं तर जागेवरून हलायचं नाही. तिनं मान डोलावली. तेव्हा आम्हाला कुठे ठाऊक होतं, कोण हरवणार आहे ते.

शनिवार घरच्यांचा. सगळे तळ्यावर गेले. आजीनं छत्री उघडून सावली केली, चिमणीनं पाण्यात पाय घातले, आणि लिफ्टवाला काठावर उभा राहून माझ्यावरून समोरच्या टेकडीचा कोन मोजत राहिला. आजी म्हणाली, जावईबापू, टेकडी पळून नाही जाणार, बसा. तो ओशाळून बसला आणि मला चिमणीच्या हाती दिलं. चिमणीनं मला अंगठ्याला बसवायचा प्रयत्न केला, अंगठा लहान, मग पायाच्या अंगठ्याला. तिथं ताणताना माझा पट्टा तुटला. आधीच विरलेला होता.

पोर रडवेली झाली. लिफ्टवाल्याचा चेहराही पडला, दुसऱ्या दिवशी शर्यत. बायको म्हणाली, "एवढंच ना? आण इकडे."

संध्याकाळी तिनं मला मशीनच्या टेबलावर घेतलं. नवा पट्टा, दुहेरी शिलाई, कडेला बारीक टीप. मित्रांनो, कारखान्यातल्या त्या बाईनंतर मला इतकं निरखून कोणी हातात धरलं नव्हतं. ज्या छंदावर ती चिडून होती, त्याचाच पट्टा ती इतक्या मन लावून शिवत होती. काम झाल्यावर तिनं मला टाचण्यांच्या डब्यात ठेवलं. जपून राहावं म्हणून.

डब्याच्या तळाशी एक चुंबक होता. टाचण्या सांडल्या की गोळा करायला शिंप्यांकडे असतो तो.

काय झालं ते मला लगेच कळलं नाही. कोणीतरी मान धरून फिरवावी तसं वाटलं. सकाळपर्यंत माझ्या लाल टोकानं उत्तरेकडे पाठ केली होती. सुई स्थिर होती, जराही थरथरत नव्हती. फक्त उलटी होती. शिटीनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, अरे, तुझं तोंड कुठे आहे? पण आमचं बोलणं माणसांना ऐकू जात नाही.

निघताना बायकोनं दोरीतून शिटी सोडली. "ही माझ्याकडे. तुझं यंत्र तुझ्याकडे." शिटी तिच्या गळ्यात गेली. इतक्या वर्षांत आम्ही पहिल्यांदाच वेगळे झालो.

आकाश भरून आलेलं, ऊन नव्हतं. शर्यत सुटली. लिफ्टवाल्यानं नकाशा माझ्या सुईशी जुळवला आणि निघाला. बरोबर उलट्या बाजूला. मी आतून ओरडत होतो.

थोडं गेल्यावर बायको थांबली. म्हणाली, "नकाशात ओढा डावीकडे आहे. पाण्याचा आवाज उजवीकडून येतोय."

"रानात आवाज फसवतो. सुई फसवत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे माझ्याच कौतुकाचं वाक्य होतं.

पहिला झेंडा मिळेना. बाकीच्या जोड्यांचे आवाजही विरले. ती म्हणाली, मागे फिरूया. तो म्हणाला, आलाच असेल. ती म्हणाली, तू माझं ऐकतोयस का? तो म्हणाला, तू इथंच थांब, मी पुढे बघून येतो. जोडीच्या शर्यतीत जोडी सोडायची नसते, हे त्याला माहीत होतं. तरी गेला. आपलंच घोडं दामटत गेला.

काटेरी झुडपं चुकवत तो डावीकडे वळला, मग उजवीकडे, मग एका घळीत उतरला. ती घळ नकाशात नव्हती. निदान तो जिथं बोट ठेवत होता तिथं नव्हती. वर आला तर चारही बाजूंना सारखीच झाडं. मागे कुठून आलो, कळेना. माझ्या पट्ट्याखाली त्याची नस उडत होती. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी पूर्ण आत्मविश्वासानं चुकीचं दाखवत होतो.

तेवढ्यात शिटी वाजली.

लांब, बारीक, थोडी फाटलेली. आयुष्यात पहिल्यांदा वाजत होती ना. माझी सुई एकीकडे, तिचा आवाज दुसरीकडे. तो थांबला. पुन्हा वाजली. मला वाटलं, आता हा म्हणणार, आवाज फसवतो. त्यानं मूठ मिटली. मी मुठीत. आणि तो आवाजाच्या दिशेनं पळत सुटला.

त्यानं जिथं सोडलं होतं तिथंच ती एका झाडाला टेकून उभी होती. रडत नव्हती. ओठ मात्र पांढरे पडले होते.

"मी हलले नाही," ती म्हणाली. "तूच सांगितलं होतंस."

तो गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत राहिला. मग नकाशा तिच्यापुढे धरला. पुढची वाट तिनं काढली, ओढ्याचा आवाज धरून. झेंडे राहिले. ते परत आले तेव्हा शर्यतीचा मंडप सोडायला सुरुवात झाली होती, आणि दोरी गुंडाळणारा माणूस म्हणाला, तुमच्यासाठीच थांबलो होतो.

घरी आल्यावर चिमणीनंच शोध लावला. मला हातात घेऊन म्हणाली, बाबा, याला टाचणी चिकटलीय बघा. पट्ट्याच्या शिलाईत खरंच एक टाचणी अडकली होती. बायकोनं टाचणी बघितली, डबा बघितला, त्याच्या तळाचा चुंबक बघितला आणि खुर्चीत बसली.

"म्हणजे मीच बिघडवला."

मला वाटलं, झालं. आता भांडण, मग ड्रॉवर.

लिफ्टवाल्यानं शिलाईतली टाचणी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "सुई उलटी झाली ती चुंबकामुळे. तुला सोडून पुढे गेलो, तो मी गेलो. तिथं चुंबक नव्हता."

 मग तोच चुंबक घेऊन त्यानं माझ्यावरून एकाच बाजूनं पुन्हा पुन्हा फिरवला, हळूहळू, सुई गरकन वळेपर्यंत. लाल टोक पुन्हा उत्तरेला आलं. ती म्हणाली, पुढच्या रविवारी नकाशा माझ्या हातात. आजीला विचार, चिमणीला सांभाळेल का. आणि उठून गेली. जाताना तिनं चुंबक स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला, माझ्यापासून लांब.

मित्रांनो, तुमच्याकडे कंपास असेल तर त्याला चुंबकापासून, मोबाइलपासून, स्पीकरपासून दूर ठेवा. एवढं करा. आणि तो नीट असला तरी सोबतचं माणूस काही म्हणत असेल तर क्षणभर थांबा. सुईला कान नसतात. तुम्हाला आहेत.

आता शिटी बायकोच्या दोरीत असते आणि मी लिफ्टवाल्याच्या. दाराजवळ दोन खुंट्या, शेजारी शेजारी. काल मी शिटीला म्हणालो, लटकन म्हणायचो ते सोड. ती म्हणाली, सोडलं, पण पुन्हा फुगलास तर? तेव्हा मी तिला शब्द दिला. सुई कुठेही असो, तू हाक मारलीस की आधी तुझ्याकडे येईन. उत्तर दिशा मग बघू.