फ्रिजवरचे वेळापत्रक

चिमी माझी शाळेपासूनची मैत्रीण. नवऱ्याच्या नोकरीमुळे ती नऊ वर्षे परदेशात आहे. ‘घरच्या चवीचं खायला मिळत नाही गं,’ असा तिने फोनवर गळा काढला, तेव्हा माझ्याकडे सतरा वर्षे स्वयंपाक करणारी बाई मीच समजूत घालून तिच्याकडे पाठवली. ‘दोन वर्षांत परत येशील, हा माझा शब्द,’ असे मी बाईला सांगितले होते. माझा शब्द आमच्या नात्यागोत्यात कोणी खाली पडू देत नाही. आता तिसरे वर्ष सरत आले, बाईच्या लेकीचे बाळंतपण पंधरा दिवसांवर आले, तरी बाईच्या परतण्याचे चिन्ह नव्हते. लेक माझ्या दारात येऊन रडली. चिमीचे आमंत्रण कधीचे पडून होते. ते स्वीकारून मी या वयात विमानात बसले.

चपला कुठे काढायच्या, पेला कशावर ठेवायचा, अशा सूचना देत चिमीने मला चकचकीत दिवाणखान्यात बसवले. माझ्या मानार्थ चहाला तिच्या तीन मैत्रिणी आल्या होत्या, सगळ्या आपल्याकडच्याच. बाईने चहा आणला. मला पाहताच तिने ट्रे आधी माझ्यापुढे धरला. तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या.

“माई, तुमचे उपकार कसे फेडायचे!” वरच्या मजल्यावरची डॉक्टरीण म्हणाली. “तुमची बाई म्हणजे आमची सार्वजनिक मालमत्ता!”

“मंगळवारी माझी हं! मागच्या मंगळवारी हिने पळवली,” डॉक्टरणीकडे बोट करत दुसरी म्हणाली.

“पाहुणे होते गं! बदल्यात तुला रविवार दिला ना?”

सगळ्या खळखळून हसल्या. मी कप खाली ठेवला. हात धुण्याचे निमित्त करून मी स्वयंपाकघरात गेले. फ्रिजवर चिमीच्या टपोऱ्या अक्षरातले वेळापत्रक लावले होते: सात वार, चार घरे, प्रत्येक घराला वेगळा रंग. एकही चौकोन रिकामा नव्हता.

मागच्या खोलीत, कपडे धुण्याचे मशीन आणि भिंत यांच्यामधल्या फटीत, बाईची चटई होती.

“मशीन थांबलं की झोपते, माई,” ती दारातून म्हणाली. “पासपोर्ट साहेबांच्या कपाटात आहे. मागितला की म्हणतात, दुसरी बाई मिळू दे.”

“मला कळवायचं नाही का?”

“फोन ताईंसमोरच करायचा असतो. वाटायचं, माई कधीतरी विचारतील.”

मी विचारले नव्हते. ‘बाई बरी ना?’ असे चिमीलाच विचारून, तिच्या ‘मजेत आहे गं’वर समाधान मानले होते. त्या खोलीतल्या कुबट वासाची किळस अधिक होती की स्वतःची, हे सांगणे कठीण आहे.

दिवाणखान्यात येऊन मी उभ्यानेच म्हणाले, “चिमे, हिचा पासपोर्ट आण.”

“अगं, चारचौघींत काय हे? हे घरी आले की बोलू.”

“आत्ता.”

“मोठी आलीस शहाणी! तुझ्याकडे ती कुठे टेबलावर जेवायची? कपसुद्धा वेगळा होता तिचा!”

घाव वर्मी बसला.

“होता. त्याचा जाब मला ती विचारेल, तू नाही. तुझ्या मुलीच्या स्थळासाठी मी ज्यांच्याकडे शब्द टाकलाय, त्यांना आजच कळवते, की या घरात माणसं वार लावून वाटून घेतात.”

डॉक्टरणीला एकाएकी पेशंट आठवला. तिने पर्स उचलली. दुसऱ्या दोघी गालिच्याची नक्षी निरखू लागल्या. चिमी पाय आपटत आत गेली आणि पासपोर्ट आणून तिने उष्ट्या कपबश्यांमध्ये टाकला. बाईने तो उचलला, पदराने पुसला आणि उघडून आपला फोटो आधी पाहून घेतला. तिचे तीन वर्षांचे सामान एका पिशवीत मावले.

चिमी लिफ्टपर्यंत आली. मला वाटले, बाईची क्षमा मागायला आली असेल. निदान मला शिव्या द्यायला तरी.

“अगं, ती कुकरची रिंग कुठे ठेवतेस,” ती बाईला म्हणाली, “तेवढं सांगून जा.”

“काही सांगू नकोस,” मी बजावले.

बाईने माझ्याकडे पाहिलेही नाही.

“खालच्या खणात, ताई. फडक्यात गुंडाळलीय,” ती म्हणाली, आणि लिफ्टचे बटण तिने स्वतःच दाबले.