हंसाला कळेल असं

जयवंती सामंत भाषांतराला बसली की आधी एकच गोष्ट स्वतःला विचारायची. हंसाला कळेल का?

ही सवय अलीकडची. त्याआधी सत्तावीस वर्षं ती मुंबईला पंपांच्या एका कंपनीत होती. मोटर कशी बसवावी, पट्टा कधी बदलावा, अशी इंग्रजी माहितीपत्रकं मराठीत आणायचं तिचं काम. पंप खरोखर पाणी चढवतो की नाही हे आपण बघायचं नसतं, समोरचं नीट उतरवायचं, असं तिच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिने ते जन्मभर पाळलं. पुढे कंपनी बंद पडली. मग आई गेली. उमेळे गावातल्या दोन खोल्यांत जयवंती एकटी उरली. भाऊ बडोद्याला होता, दिवाळीला त्याचा फोन यायचा. बाकी दिवस फोनवर धूळ बसू नये म्हणून तीच तो पुसायची.

हंसाचं घर मागच्या वाडीत. बिल्डिंग उभी राहिली ती हंसाच्या सासऱ्याने विकलेल्या तुकड्यावर. उरलेल्या जमिनीत दुधी, वांगी, अळू लावायचं आणि सकाळी स्टेशनजवळच्या बाजारात नेऊन विकायचं, हा तिचा दिवस. गावातल्या साक्षरतेच्या वर्गात तिला अक्षरओळख झाली आणि वर्ग बंद पडला. एकदा टोपली घेऊन जिने चढून आली आणि जयवंतीच्या दारावरची पाटी बोट लावून वाचू लागली. "सा-मं-त," एवढं वाचायला तिला बराच वेळ लागला. जयवंती दार उघडून तशीच उभी राहिली. मध्येच बोलली असती तर तिचं वाचन मोडलं असतं.

त्या दिवसापासून हंसा बाजारातून परतताना यायची. उंबऱ्याशी बसायची, चहा घ्यायची, एक पान वाचायची. पुस्तकाचा कंटाळा आला की जयवंती आपलं भाषांतर पुढे करायची. हंसा जिथे अडेल ते वाक्य दुसऱ्या दिवशी सोपं झालेलं असायचं. हंसा म्हणायची, "बाय, तुम्ही मला शिकवता का मी तुम्हाला?" बिल्डिंगमध्ये सोळा बिऱ्हाडं होती, पण जयवंतीच्या दारी रोज येणारी ही एकच.

काम मात्र फार मिळेना. वर्तमानपत्रातल्या 'भाषांतरकार पाहिजेत' या जाहिराती ती कापून ठेवायची. एकदा एका जाहिरातवाल्याला तिने नोंदणीचे तीनशे रुपये पाठवले होते. पैसे गेले आणि तो माणूसही गायब झाला. तेव्हापासून शब्दकोशाच्या आतल्या पुठ्ठ्यावर तिने स्वतःसाठी लिहून ठेवलं होतं : आगाऊ पैसे द्यायचे नाहीत. मूळ दाखले पाठवायचे नाहीत. चाचणी म्हणून एका पानाहून जास्त लिहून द्यायचं नाही.

दोन हजार एक साल होतं. दिवाळीनंतर अशाच एका जाहिरातीला तिने पत्र टाकलं आणि चक्क फोन आला. विनया नावाची बाई बोलत होती. तिने जयवंतीच्या पत्रातल्या अक्षराची तारीफ केली. पैशाचं नावही काढलं नाही. चाचणीचा उतारा पोस्टाने आला तो बरोबर एक पान. जयवंतीने पुठ्ठ्यावरचे तिन्ही नियम ताडून बघितले. एकही मोडत नव्हता.

उतारा म्हणजे घरबसल्या पाकिटांवर पत्ते लिहिण्याचं काम देणाऱ्या कुठल्याशा संस्थेची जाहिरात होती. नोंदणीचे साडेसहाशे रुपये मनिऑर्डरने पाठवावेत, पहिल्या पगारात ते परत मिळतील, असं त्यात होतं. जयवंतीने ते वाचलं, पण ते खरं की खोटं हे तिच्या मनातही आलं नाही. पंपासारखाच तो एक मजकूर. दोन दिवस खपून तिने तो उतरवला. एका इंग्रजी शब्दासाठी तास घालवला आणि शेवटी लिहिलं, 'कुणापुढे मान न वाकवता चार पैसे मिळवा.' हे हंसाला कळेल, असं वाटून ती एकटीच हसली. त्या दिवसांत हंसा भाताच्या कापणीत होती, आठवडाभर आली नव्हती. म्हणून ते पान तेवढं हंसाच्या नजरेखालून न जाता टपालात पडलं.

मग काहीच आलं नाही. विनयाबाईंचा नंबर नुसता वाजत राहायचा. महिनाभर जयवंतीला वाटत राहिलं की आपण नापास झालो. पंपाच्या बाहेरचं आपल्याला जमत नाही.

जानेवारीत एके दुपारी हंसा आली ती उंबऱ्याशी बसलीच नाही. कमरेची पिशवी सोडून तिने घडी घातलेला पिवळा कागद काढला. म्हणाली, तुमच्याशिवाय अख्खं पान वाचलंय, ऐका. आणि बोट फिरवत वाचायला लागली. दुसऱ्या वाक्याला जयवंतीचा हात चहाच्या पातेल्यावर थांबला. चौथ्या वाक्यात कुणापुढे मान न वाकवता चार पैसे मिळवायचे होते.

हंसा अडली नाही. एकदाही नाही.

बाजारात कुणी हे कागद वाटत होता, असं तिने सांगितलं. रीमासाठी, म्हणजे तिच्या धाकट्या मुलीसाठी, तिने पैसे पाठवलेसुद्धा. बारा दिवस झाले. रीमा बारावी होऊन घरीच होती. फॉर्म हंसाने स्वतः भरला, पोस्टात अंगठा न लावता सही केली. आता पत्त्यांचं पाकीट येईल म्हणून रोज पोस्टमनची वाट बघतेय.

"घरात सगळे म्हनत होते, फसवतील," ती म्हणाली. "मी म्हटलं, नाय. वाचताना असं वाटत होतं बाय, तुम्हीच बाजूला बसून सांगताय."

जयवंतीने चहा गाळला. पिवळा कागद आजचा दिवस राहू दे, म्हणून तिने तो मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी ती एसटीने कामणला गेली. कागदावर तिथल्या एका गाळ्याचा पत्ता होता. गोदामांच्या रांगेत तो गाळा सापडला. शटरला कुलूप होतं. शेजारच्या गोदामाचा रखवालदार पिवळ्या कागदांच्या गठ्ठ्यावर बसून डबा खात होता. गेल्या सोमवारी त्यांनी सामान हलवलं, असं तो म्हणाला. रोज चार-पाच माणसं येऊन बघून जातात, बायकाच जास्त. मग त्याने विचारलं, "बाई, तुमचे किती गेले?"

"माझे काही नाही गेले," जयवंती म्हणाली.

रखवालदाराने डब्याचं झाकण लावलं आणि तिला बसायला गठ्ठ्यातले थोडे कागद काढून दिले. ती बसली नाही. परतीची एसटी येईस्तोवर उन्हात उभी राहिली.

पुढच्या दिवशी हंसा आली तेव्हा जयवंतीने चहाही ठेवला नव्हता. तिने सगळं सांगितलं. उतारा कसा आला, कामणला काय बघितलं, पैसे आता येणार नाहीत. शब्दकोशात ठेवलेली कच्ची प्रत काढून पिवळ्या कागदाशेजारी ठेवली. हंसाने दोन्ही कागदांवरून बोट फिरवलं, आधी एकातली ओळ, मग दुसऱ्यातली तीच.

"हे तुम्ही लिवलंय."

"हो."

"माझ्यासाठी?"

"तुला कळेल असं लिहिलं. माझी सवय आहे ती. ते खरं आहे का, हे बघितलं नाही."

"कळलं ना," हंसा म्हणाली. "सगळं कळलं."

ती ओरडली असती तर जयवंतीला बरं वाटलं असतं. जयवंती कपाटाकडे वळली, ते पैसे माझ्याकडून घे म्हणाली. हंसाने हात मागे घेतला. रीमाला तोंड काय दाखवू, एवढंच बोलून तिने टोपली उचलली आणि जिना उतरून गेली. पिवळा कागद ती घेऊन गेली. कच्ची प्रत तिथेच राहिली.

त्यानंतर हंसा आली नाही. सकाळी खिडकीतून ती वाडीच्या वाटेने बाजाराला जाताना दिसायची. पूर्वी वर बघून हात करायची.

जयवंती टेबलाशी बसली. या वेळी कुणी उतारा पाठवला नव्हता, तिला स्वतःचंच लिहायचं होतं. काम देणारा आधी पैसे मागत असेल तर तो काम देत नाही. पत्त्यावर जाऊन या, मगच पैसे पाठवा. भाषांतराचं काम करणाऱ्यांनो, चाचणी म्हणून जे हातात येतं ते कुणाच्या हातात पडेल, हे विचारा. एवढी दोन-चार वाक्यं, पण ती तिने नऊ वेळा लिहिली. नेहमीचा प्रश्न विचारायची आणि उत्तरच यायचं नाही. हंसाला काय कळतं ते आपल्याला ठाऊक आहे असं ती धरून चालत होती. पण ते कळत होतं ते उंबऱ्याशी बसून वाचणाऱ्या बाईमुळे.

सहाव्या दिवशी कागद घेऊन ती बाजारात गेली. हंसा तिच्या जागेवर होती. शेजारी फ्लॉसी नावाची बाई केळीचे फणे मांडून बसलेली. जयवंती समोर उभी राहिली, पण गिऱ्हाइकं हटेपर्यंत हंसाने मान वर केली नाही.

"वाचून बघ," जयवंती म्हणाली. "अडतं कुठे ते सांग."

हंसाने ओले हात पुसून कागद घेतला. ओठ हलवत शेवटपर्यंत वाचला. मग उलटून मागची बाजू पाहिली.

"अडत नाय. पन खाली नाव कोनाचं नाय."

"नावाचं काय?"

"त्या पिवळ्यावर पन नव्हतं. बिननावाचं मी आता वाचत नाय."

फ्लॉसी केळी सोडून ऐकत होती. जयवंतीने पर्समधून पेन काढलं. आयुष्यात तिने इतकं लिहिलं, पण छापलेल्या कशाखालीही तिचं नाव कधी नव्हतं. भाषांतरवाल्याचं नाव घालायची पद्धतच नव्हती. दुधीच्या टोपलीच्या कडेवर कागद धरून तिने लिहिलं, 'तो पिवळा कागद मराठीत मी केला होता. माझी चूक झाली.' आणि खाली पूर्ण नाव, बिल्डिंग, मजला.

हंसाने कागद परत घेतला. फ्लॉसीकडे वळून पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागली. रांगेतल्या आणखी दोघी पुढे सरकल्या. जयवंती नाव येईपर्यंत थांबली. मग एक गिऱ्हाईक अळूचा भाव विचारत आलं, हंसा तिकडे वळली, आणि जयवंती घरी निघाली. उद्या येते, असं हंसा म्हणाली नाही आणि जयवंतीने विचारलं नाही.

तोच मजकूर नावासकट पुन्हा लिहून, त्याच्या प्रती काढून तिने पोस्टाबाहेर आणि स्टँडवर चिकटवल्या. जिन्यात भेटणारी माणसं आता तिच्याकडे जरा जास्त वेळ बघायची. एकाने तोंडावर विचारलं, तुम्हाला त्यातलं किती मिळालं? तिने काही नाही म्हणून सांगितलं. त्याला ते खरं वाटलं नाही.

दोन आठवडे गेले. दुपारी दार वाजलं. रीमा होती. तिच्या हातात शिवणक्लासची छापील जाहिरात होती. आईने पाठवलंय, म्हणाली.

"ती का नाही आली?"

"बाजारात बसलीय," रीमा म्हणाली आणि जिन्याच्या कठड्याकडे बघत राहिली.

जयवंतीने जाहिरात घेतली. कडेच्या कोऱ्या जागेत पेन्सिलने मोठी, वाकडी अक्षरं होती. हंसाने आजवर फॉर्म भरला होता, सही केली होती, पाटी वाचली होती, पण कुणाला काही लिहिलं नव्हतं.

'बाय हे खर का. हंसा.'

रीमाला आत बसवून जयवंतीने चष्मा लावला. या वेळी तिने भाषा बघितली नाही. पत्ता बघितला. शाळेसमोरचा होता, पायी जाण्यासारखा. तिने पायात चपला सरकवल्या आणि रीमाला म्हणाली, "तू थांब. मी जाऊन बघून येते, मगच उत्तर लिहीन."